भाजलं मडकं



दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका गायनक्लासात गेलो होतो. नाईट संपवून सकाळी सातला मिलच्या गेटातून बाहेर पडलो आणि घरी न जाता तसाच गेलो. केसात कापूस होता. मास्तरांनी आधी वय विचारलं. चोवीस. मग आडनाव विचारलं. मग कुठं राहता म्हणून विचारलं. वाळूजला, रांजणगाव शेणपुंजी. मास्तर हसले आणि म्हणाले, "अहो, लहानपणी यायला पाहिजे होतं. भाजल्या मडक्याला आता कान कसे लावू?" आणि समोर बसलेल्या आठ-आठ वर्षांच्या पोरांना सा लावायला सांगितलं.

मी उठलो. मडकं मला नवं नाही, मास्तर. पेशवाईत आमच्या खापरपणज्याच्या गळ्यात तुम्हीच ते बांधलं होतं, थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून. तेही भाजलेलंच होतं. त्याला कान आहेत का नाहीत हे तेव्हा कुणी बघितलं नव्हतं.

पण ह्या मास्तरांशी भांडायला मला वेळ नाही. माझं भांडण घरातलं आहे.

जयंती आली की गल्लीत पावतीबुक फिरतं. कंत्राटी पोरगा पगारातले पाचशे काढून देतो. धुणीभांडी करणारी मावशी शंभर देते. आणि पैसा जातो कुठं? डीजेवाल्याच्या घशात. एका रात्रीच्या डीजेत एक जुनी पेटी, एक ढोलकी आणि सहा महिन्यांचं खोलीभाडं निघतं, असा हिशोब मी कमिटीसमोर मांडला. कमिटी म्हणाली, पोरांना नाचायचंय, तू म्हाताऱ्यावानी काय बोलायलास. नाचा की! बाबासाहेबांच्या जन्मदिवशी नाचायचं नाही तर कधी नाचायचं? माझं म्हणणं वेगळं आहे. त्या भिंतीएवढ्या स्पीकरसमोर हजार माणसं उभी असतात आणि हजारांचे गळे बंद असतात. गाणं आपलं, पण आवाज पेनड्राईव्हमधला. मी रोज आठ तास रिंगफ्रेमच्या आवाजात काढतो. तिथं शेजारच्याशी बोलायचं तर हातानं खुणा कराव्या लागतात. सुट्टीच्या दिवशीसुद्धा मला कुणी आवाजानं गप्प करावं आणि त्याची वर्गणी मीच भरावी?

आणि हे करणारे कोण, तर ज्यांच्या घरात जलसा होता ते आपण. भीमराव कर्डकांनी १९३१ च्या सुमारास नाशकात जलसा उभा केला. तमाशाचं अंग घेतलं आणि त्यातली देवाची गण-गवळण काढून टाकली. वगात सावकार, पाटील, भट आणून उभे केले. बाबासाहेब ह्या जलशाला आपल्या सभांहून वरचढ मानत, हे दर जयंतीला भाषणात ऐकतो, टाळ्या वाजवतो, भाषण संपलं की डीजे लावतो. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२ चा. मुंबईला कामाला आले तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हतं. बारीकसारीक कामं केली, गिरणीत राबले, आणि बाप्या माणूस झाल्यावर अक्षरं गिरवली. १९४३ ला पहिलं गाणं लिहिलं, आणि पुढं जन्मभर गावोगाव गात फिरले. त्या वयात कुणी त्यांनाही मडकं म्हटलं असतं. ते ऐकून दादा गप्प बसले असते तर आपण आज काय गायलो असतो?

आता दुसरं भांडण. हे जड आहे, कारण समोरचा माणूस मला थोरल्या भावासारखा आहे. नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेला आहे. मी गाण्याचा वर्ग काढतो म्हटल्यावर तो म्हणाला, "काहून रे? गाणं-बजावणं ही गावकीची कामं. बापजाद्यांनी ती टाकून दिली. तू एमपीएससी कर."

भाऊ खोटं बोलत नाही. माझ्या खात्यात एक मातंग दोस्त आहे, डॉफर आहे. त्याचा आजा हलगी वाजवायचा. लग्नात, मयतीत, पोळ्याला, जत्रेला. अंगात ताप असो नाहीतर घरात मयत असो, गावानं हाक मारली की जायचं. बदल्यात सुगीला खळ्यावरचं पसाभर धान्य, तेही वरून टाकलेलं. आजा गेला त्याच वर्षी दोस्ताच्या बापानं ती हलगी चुलीत घातली. मी त्या बापाला सलाम करतो. ती चूल माझ्या लेखी पाक आहे.

पण जेवणाच्या सुट्टीत बघा. रिकाम्या बॉबिनच्या क्रेटवर दोस्ताची बोटं चालायला लागतात. अशी चालतात की चहावाला थांबतो. आणि कुणी बघितलं की हात खिशात जातात. ही लाज त्याला कुणी दिली? एक लाज गावानं दिली, वाजव म्हणून. दुसरी आपण देतोय, वाजवू नको म्हणून. जन्मानं गळ्यात पडते ती हलगी बलुत्याची. शिकावी वाटली म्हणून शिकलो, नको वाटली तर खुंटीला टांगली, ती हलगी माणसाची. कातडं तेच, कडं तेच. फरक एवढाच की नाही म्हणायची सोय आहे का नाही.

आणि खरं बोलायचं तर पुरतं बोलू. जयंतीच्या मिरवणुकीत आपण हलगीवाले पैसे देऊन आणतो. पुढं चालवतो. त्यांच्या तालावर आपली पोरं नाचतात. कमिटीत त्यांच्यातला एक तरी असतो? पंगतीला आपल्याबरोबर बसतो? आपण बौद्ध झालो म्हणतो, मग "ए हलगीवाल्या, जोरात!" म्हणताना आपल्या तोंडात पाटील कुठून येतो? ज्याला हे वाक्य झोंबलं असेल त्यानं ते पुन्हा वाचावं. मलाही लिहिताना झोंबलं, कारण मीही तसं ओरडलोय.

भावाला मी एक गोष्ट विचारली. बाबासाहेब व्हायोलिन शिकत होते हे तुला ठाऊक आहे का? बॅरिस्टर झाल्यावर, महाड-नाशिक करून झाल्यावर, केस पिकायला लागल्यावर शिक्षकासमोर बसून शिकत होते. ते व्हायोलिन आजही पुण्यात सिम्बायोसिसच्या आंबेडकर संग्रहालयात ठेवलेलं आहे. कशासाठी शिकले असतील? परीक्षेला बसायचं नव्हतं, पोट भरायचं नव्हतं. आपण त्यांच्या पुस्तकांचा फोटो लावतो, कोटाचा लावतो, पेनाचा लावतो. व्हायोलिन हातात घेतलेले बाबासाहेब आपल्या किती बॅनरवर आहेत? भाऊ बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "शिकीव मग. पण अभ्यास सोडू नको." ठीक आहे. तेवढं मान्य.

बायकांचं तर निराळंच. जात्यावर बसून भीमाच्या ओव्या कुणी रचल्या? आपल्या आयांनी. गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर ह्या दोघांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्यांचा ढीग आहे. आज ह्याच शहरातल्या कडूबाई खरात एकतारीवर गातात ते मोबाईलवर लाखो लोक ऐकतात. पण आपली कुठलीही गायनपार्टी बघा. बाई पुढं माईकवर, मागं पेटी पुरुषाची, ढोलकी पुरुषाची, बेंजो पुरुषाचा, हिशोबाची वही पुरुषाची. बाईचा गळा चालतो, हात चालत नाही. बिहारात पाटण्याजवळ ढिबरा नावाचं गाव आहे. तिथल्या रविदासी बायका, शेतमजूर, लेकुरवाळ्या. २०१६ च्या सुमारास सुधा वर्गीस ह्या कार्यकर्तीनं त्यांना बँड शिकायचं सुचवलं. मास्तर ठेवला. शेतातून आल्यावर बायका गळ्यात ड्रम अडकवून ताल गिरवायच्या. नवरे हसले, गाव हसलं. पुढं नारी गुंजन सरगम महिला बँड म्हणून त्या लग्नांत वाजवायला लागल्या आणि मजुरीपेक्षा जास्त कमवायला लागल्या. त्यांच्या गळ्यात ड्रम, आणि आपल्याकडं बाई ढोलकीला शिवली तरी माणसं माना वळवून बघतात!

युनियनमधला एक दोस्त म्हणतो, कंपनीकडं मागू, सीएसआरमधून वाद्यं मिळतील. ह्याच्यावर माझा विचार पक्का झालेला नाही, तरी सांगतो. विलायतेत यॉर्कशायरात ब्लॅक डाइक नावाची कापडमिल होती. १८५५ पासून तिच्या कामगारांचा पितळी बाजाचा बँड मिलच्या नावानं चालला, गणवेश मालकानं दिला. कामगार शिकले, जगात नाव झालं, पण टोपीवर नाव मालकाचं. आपल्या वाळूजला कंपनीच्या नावाची पेटी आली की कंपनीच्या कार्यक्रमाला वाजवावं लागणार आणि गेटवरच्या सभेला ती कपाटात राहणार. म्हणून मी म्हणतो, नको. पण त्याच मुलखातल्या ग्राइमथॉर्पच्या कोळसाखाणीचा बँड घ्या. १९९२ च्या ऑक्टोबरात खाण बंद होणार असं जाहीर झालं आणि त्याच महिन्यात त्या खाणवाल्यांनी लंडनला जाऊन देशातली पहिली जागा मारली. पुढच्या वर्षी खाण बंद झाली. बँड चालू राहिला. आपल्याकडं कंत्राट संपलं की चौथ्या दिवशी खोली खाली होते आणि माणूस गावाकडं जातो, त्याच्याबरोबर त्याचा गळाही जातो.

आता आमच्या वर्गाचं सांगतो. गेल्या वर्षावासात विहाराच्या मागच्या खोलीत सुरू केला. जुनी पेटी, तिचे दोन सूर बोलत नाहीत. एक ढोलकी. पहिल्या दिवशी अकरा जण आले, आता सहा उरलेत. त्यातल्या दोन बाया. शिकवणारे एका गायनपार्टीतले म्हातारे पेटीवाले आहेत, त्यांना आम्ही बाबा म्हणतो. ते फी घेत नाहीत, चहा घेतात.

खरी अडचण कुणाला गाता न येणं ही नाहीच. अडचण शिफ्टची आहे. एक हप्ता फर्स्ट, एक हप्ता सेकंड, एक हप्ता नाईट. सोमवारी शिकलेला केरवा पुढच्या सोमवारी वाजवायला तोच माणूस मोकळा नसतो. पार्टी म्हंजे चार-पाच माणसं एका वेळी एका जागी पाहिजेत, आणि कंपनीनं आपल्याला बरोबर असं कापलंय की पाच माणसं एका वेळी मोकळी होऊच नयेत. बाबासाहेबांनी १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्या पोरांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. कामगाराच्या घड्याळावर कॉलेज चालवलं. म्हणून आम्ही एकच धडा दोनदा घेतो, सकाळी दहाला सेकंडवाल्यांसाठी आणि संध्याकाळी पाचला फर्स्टवाल्यांसाठी. बायांचा वेळ बायांनी ठरवला, दुपारी दोन, पाणी भरून झाल्यावर आणि लेकरं शाळेतून यायच्या आत. ज्याला जमलं त्यानं नव्याला शिकवायचं. वय विचारायचं नाही. आडनाव तर नाहीच.

रिंगफ्रेमवाल्यांचे कान अर्धे गेलेत. सम ऐकू येत नाही तेव्हा ते ढोलकीवाल्याच्या मनगटाकडं बघतात आणि बरोबर समेवर येतात. बाबा म्हणाले, चाळीस वर्षं झाली, असं कधी बघितलं नाही. सगळ्यात अवघड गेली ती झील. पुढचा गातो तेव्हा त्याच्या ओळीचा शेवट उचलायचा, लांबवायचा, तेवढ्यात त्याला दम घेऊ द्यायचा, आणि त्याच्यापेक्षा वर जायचं नाही. आम्हाला सगळ्यांनाच पुढं गायचं होतं. मलाही. तीन महिने आम्ही एकमेकांच्या अंगावर ओरडलो. आता थोडी जमते.

डॉफर दोस्त अजून वर्गात आलेला नाही. दोनदा दारापर्यंत येऊन गेला. आम्ही त्याला बोलावत नाही, कारण बोलावलेलं त्याच्या घरानं पुष्कळ सोसलंय. एक हलगी मात्र आणून ठेवली आहे, दारातून दिसेल अशी.

ढोलकीची शाई निघाली आहे. शहरातला जुना शाई भरणारा गावाला गेला म्हणतात. पंढरपूर, तिसगाव, बजाजनगर ह्या बाजूला दुसरा कुणी माहीत असेल तर विहारात निरोप ठेवा. आणि फर्स्टवाल्यांत कुणी पेटी खोलून तिचे सूर साफ करू शकत असेल तर रविवारी या, बाबा आहेतच.