सर्वानुमते मंजूर!

सभेच्या इतिवृत्तातला सर्वांत लाडका शब्द कोणता, असं मला विचारलं तर मी सांगेन : 'सर्वानुमते'. आमच्या वैजापूर तालुक्यातली ग्रामसभा असो, पतसंस्थेची वार्षिक सभा असो की तुमच्या शहरातली हाउसिंग सोसायटी, वही उघडून बघा. ठरावामागून ठराव सर्वानुमते मंजूर! प्रत्यक्षात काय झालेलं असतं? सचिव विषय वाचतात, पुढच्या दोन रांगांतून 'मंजूर, मंजूर' असा गजर होतो. मागे कुणी हात वर करून काही म्हणत असतो, तोवर पुढचा विषय सुरू! मग चहा-नाश्ता.

माझं मत स्पष्ट आहे. एकही हात विरोधात असेल तर 'सर्वानुमते' लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं. तिथे 'बहुमताने' लिहावं आणि बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती हे आकडे द्यावेत. उद्या त्या खर्चाची चौकशी लागली, तर विरोध करणाऱ्याजवळ ती नोंद सोडून दुसरा पुरावा कोणता?

दुसरा घोळ उपसूचनेचा. समजा, ठराव आला : 'शाळेच्या पटांगणाला तारेचं कुंपण घालावं.' सूचक झाला, अनुमोदक झाला. एक जण म्हणाला, तारेऐवजी विटांची भिंत बांधा. ही झाली उपसूचना. तिलाही अनुमोदक हवा. मतं आधी तिच्यावर घ्यायची. ती मंजूर झाली की ठरावात तारेच्या जागी भिंत येते, आणि त्या दुरुस्त ठरावावर पुन्हा मतं घ्यायची. ही शेवटची पायरी बहुतेक सभांत गाळली जाते. अहो, 'घालायचंच असेल तर भिंत बरी' म्हणणाऱ्याला मुळात हा खर्चच नको असू शकतो! त्याला तसं सांगायची जागा शेवटच्या मतदानातच आहे. नुसतं 'कुंपण नको' ही मात्र उपसूचना नव्हे. त्यासाठी ठरावाविरुद्ध मत द्यावं.

आणि अध्यक्ष? लोकसभेच्या अध्यक्षांना घटनेच्या कलम १०० प्रमाणे एरवी मत देता येत नाही. समसमान मतं पडली तरच निर्णायक मत. आमच्याकडे अध्यक्षच आधी म्हणतात, 'मला तर हे योग्य वाटतं, काय मंडळी?' त्यानंतर हात वर करायची कुणाची छाती आहे?

'एवढा वेळ कुणाला आहे, सर?' असं तरुण मंडळी म्हणतात. घटना समितीने तो वेळ दिला. मसुद्यावर ७,६३५ उपसूचना आल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी, सतत वेगळा सूर लावणाऱ्या सभासदांचे नावं घेऊन आभार मानले. त्यांत ह. वि. कामत होते, आपले डॉ. पंजाबराव देशमुखही होते. त्यांच्या सगळ्या सूचना बाबासाहेबांनी स्वीकारल्या नव्हत्या, तरी सभेला त्यांचा उपयोग झाला हे त्यांनी मानलं. आपल्या गावात मात्र वेगळं बोलणारा 'विघ्नसंतोषी' ठरतो.

विरोधी मत मोजलं गेलं की हरलेला माणूसही निर्णय आपला मानतो. न मोजता दडपलं की तो पुढच्या सभेला येतच नाही. मग रिकाम्या खुर्च्यांसमोर आपण 'लोक येत नाहीत' म्हणून गळा काढतो.

म्हणून पुढच्या सभेत एवढंच करा. 'मंजूर'चा गजर झाला की उभं राहून शांतपणे म्हणा, 'अध्यक्ष महाराज, हात मोजा, आणि आकडा वहीत लिहा.'

तुमच्याकडच्या सभांत काय चालतं, जरूर कळवा.