रोजीविना विलगीकरण

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी जनतेला घरातच राहण्यास सांगितले आणि अवघ्या चार तासांत तो आदेश अमलात आला. साथीला आवर घालायचा तर माणसामाणसांतील संपर्क कमी करणे भाग होते, याविषयी दुमत नाही. दुमत आहे ते या आदेशाने गृहीत धरलेल्या घराविषयी आणि पगाराविषयी. ज्याला स्वतंत्र खोली आहे, घरात नळ आहे आणि महिनाअखेर वेतन मिळते, त्याच्यासाठी 'घरीच थांबा' हा आरोग्याचा नियम होता. ज्याचे हातावर पोट आहे, त्याच्यावर मात्र ती उपासमारीची नोटीस होती.

धारावीत एकेका लहान खोलीत सहा-आठ माणसे राहतात आणि बहुतेकांना सार्वजनिक शौचालयाचाच आधार आहे. तेथे गृहविलगीकरणाची भाषा ही थट्टाच ठरली असती. मुंबई महापालिकेने हे ओळखून शाळा व क्रीडासंकुलांत विलगीकरणाची आणि जेवणाची सोय केली. समाजाने जागा आणि अन्न पुरवले तरच गरिबाला विलगीकरण पाळता येते, हा त्या अनुभवाचा धडा आहे.

पण रोजीचे काय? टाळेबंदीच्या काळात कामगारांना पूर्ण वेतन द्यावे, असा आदेश केंद्राने २९ मार्चला काढला. १८ मेपासून तो उरला नाही. ज्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नव्हते, त्याला तर तो कधी लागूच पडला नाही. म्हणूनच लाखो मजूर गावाकडे चालत निघाले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून मध्य प्रदेशाकडे निघालेले १६ मजूर ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली सापडले. रुळांवर त्यांच्या भाकऱ्या विखुरलेल्या होत्या. परतीच्या वाटेवर किती मजूर मेले, याची नोंद नसल्याचे सरकारने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लोकसभेत सांगितले.

या काळात वापरला गेलेला साथरोग कायदा १८९७ चा. मुंबईतील प्लेगच्या वेळी परकीय सत्तेने केलेला. त्यात आदेश मोडणाऱ्याला शिक्षा आहे. नुकसानभरपाईचा ओझरता उल्लेखही आहे. परंतु आदेश पाळून ज्याची रोजी बुडते, त्याला तिचा हक्क नाही. सव्वाशे वर्षांनंतरही राज्यकर्त्यांना धाकच सुचावा, हे लाजिरवाणे आहे.

आजारपणात वेतनाचा वाटा मिळावा, हे तत्त्व कामगार राज्य विमा कायद्याने १९४८ मध्येच मान्य केले आहे. मग जो स्वतःच्या नव्हे, तर साऱ्या समाजाच्या रक्षणासाठी घरी बसतो, तो असंघटित म्हणून वगळला का जावा? विलगीकरणाच्या प्रत्येक दिवसाची मजुरी, शिधा आणि गरज असेल तेथे राहण्याची जागा हा कायद्याने दिलेला हक्क झाला पाहिजे. ही मागणी पुढच्या साथीची वाट पाहत बसणार नाही. कार्यकर्त्यांनी ती आजच वस्त्यावस्त्यांतून उभी केली पाहिजे.