पंचेचाळिशीत चालायला शिकताना

मी टँगो शिकायला जातो हे कळल्यावर मोहल्ल्यातले एक बुजुर्ग म्हणाले, "मास्टरसाब, ये उमर है क्या?" पाच आठवडे झाले, नाच अजून दूरच आहे. सध्या फक्त चालतोय. टँगोचा पायाच चालणं. एका पायावरचं वजन पूर्ण दुसऱ्यावर न्यायचं, मगच पुढचं पाऊल. माझं वजन मधेच लटकतं आणि बूट समोरच्याच्या पायावर पडतो.

परस्त्रीला मिठीत घेण्याचा संकोच मला होता, आहे. म्हणून मी पुरुषांबरोबरच सराव करतो. त्यात नवल नाही. ब्युनॉस आयर्समध्ये एके काळी तरुण आधी पुरुषांबरोबरच शिकत, तेही बाईची बाजू धरून.

परवा चौथ्यांदा चुकलो. माझ्याहून कितीतरी लहान असलेले सर एवढंच म्हणाले, "घाई नाही, पुन्हा." आणि मला सहावीतला एक मुलगा आठवला. घरी दखनी, त्यामुळे 'ळ' जिभेवर बसत नाही. 'शाळा'ची 'शाला' होते. मी त्याला वर्गासमोर सात वेळा म्हणायला लावलं. पोरं हसली. मीही थोडा हसलो. तेव्हापासून तो वाचायला उभा राहत नाही.

बीएडला बालमानसशास्त्रात मला चांगले गुण होते, बरं का! माझं मत आता असं, की प्रत्येक शिक्षकाला दर काही वर्षांनी अजिबात न येणारी एखादी गोष्ट शिकायला लावावी. टँगो नको तर पोहणं, मोडी, काहीही.

सोमवारी त्या मुलाची माफी मागायची आहे. वर्गासमोरच.