झुकत्या मापाची किंमत

न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये २८ सप्टेंबर १९७६ च्या रात्री पंधराव्या आणि शेवटच्या फेरीची घंटा वाजली, तेव्हा आव्हानवीर केन नॉर्टन यांच्या कोपऱ्यातल्या मंडळींचा हिशेब पक्का होता. आपण पुढे आहोत, आता उगाच धोका पत्करायचा नाही. नॉर्टन सांभाळून खेळले. परीक्षकांच्या तक्त्यांवर मात्र वेगळाच हिशेब मांडला गेला होता. चौदा फेऱ्यांनंतर दोघा परीक्षकांच्या लेखी सामना सात-सात असा बरोबरीत होता. शेवटची फेरी तिघांनीही मुहम्मद अली यांच्या नावावर लिहिली आणि हेवीवेटचे जगज्जेतेपद होते तिथेच राहिले. दोन तक्त्यांवर ८-७, तिसऱ्यावर ८-६ आणि एक फेरी बरोबरीची. नॉर्टन रडत रिंगणाबाहेर पडले. त्या लढतीला यंदा पन्नास वर्षे होत आहेत, आणि अलींच्या निधनाला दहा.

मोठ्या माणसाच्या स्मृतिवर्षात त्याच्या विजयांचा हिशेब मागणे अनेकांना रुचणार नाही. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यभरती नाकारणारे, त्यापायी ऐन उमेदीची साडेतीन वर्षे गमावणारे आणि शेवटी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ८-० असे निर्दोष ठरलेले अली हे आपल्याकडेही केवळ खेळाडू म्हणून ओळखले जात नाहीत. पण ६१ लढती, ५६ विजय, पाच पराभव ही नोंद मुष्टियुद्धाची आहे. ती तपासायची तर रिंगणाच्या मापानेच तपासावी लागेल.

गंमत अशी की, अलींवरचे जे आरोप सर्वांत जास्त चघळले गेले तेच सर्वांत पोकळ आहेत. १९६३ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर हेन्री कूपर यांच्या डाव्या ठोशाने अली, म्हणजे तेव्हाचे कॅशियस क्ले, चौथ्या फेरीअखेर खाली बसले. प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी ग्लोव्हची उसवलेली शिवण दाखवून वेळ काढला आणि त्यामुळे क्ले वाचले, ही कथा इंग्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. चित्रफितीत जादा मिळालेला वेळ काही सेकंदांचाच दिसतो. दुसरी कथा २५ मे १९६५ ची. मेन राज्यातल्या लुइस्टन या गिरणगावात जेमतेम अडीच हजार प्रेक्षकांसमोर सनी लिस्टन पहिल्याच फेरीत कोसळले. पंच जर्सी जो वॉलकॉट अलींना आवरण्याच्या नादात मोजणीच विसरले, लिस्टन उठले, लढत पुन्हा सुरूही झाली, आणि रिंगणाबाहेर बसलेले ‘द रिंग’ मासिकाचे संपादक नॅट फ्लायशर यांनी, कोणताही अधिकार नसताना, वेळ संपल्याचे ओरडून सांगितल्यावर ती थांबवण्यात आली. इतका गबाळा कारभार जगज्जेतेपदाच्या इतर कोणत्या लढतीत क्वचितच झाला असेल. पण ठोसा चित्रफितीत दिसतो. लिस्टन मुद्दाम पडले असतील तर उत्तर त्यांनी द्यायचे, ठोसा मारणाऱ्याने नव्हे.

खरा प्रश्न पुढच्या दशकातला आहे, आणि तो अलींचे वय वाढल्यावर सुरू होतो. जानेवारी १९७४ मध्ये जो फ्रेझियर यांच्याशी झालेल्या दुसऱ्या लढतीत अलींनी प्रतिस्पर्ध्याची मान डाव्या हाताने खाली दाबून धरण्याचे तंत्रच बनवले. फ्रेझियर यांचे प्रशिक्षक एडी फच यांनी असे १३३ प्रसंग मोजले. नियमबाह्य असूनही पंच टोनी पेरेझ यांनी ते चालू दिले. फच यांनी त्यातून धडा घेतला आणि पुढच्या वर्षी मनिलात होणाऱ्या तिसऱ्या लढतीत पंच कोण असावा यासाठी आधीच हट्ट धरला. पंचाची निवड हीच अर्धी लढाई, हे त्यांना कळले होते.

मग १९७६. एप्रिलच्या अखेरीस मेरीलँडमधल्या लँडोव्हर येथे जिमी यंग यांच्यासमोर १०४ किलो वजनाचे, सुस्तावलेले अली उतरले. यंग यांनी बऱ्याच फेऱ्यांत त्यांना नुसते हवेत हात मारायला लावले. मात्र अडचणीत सापडले की यंग दोरांबाहेर डोके काढून उभे राहत, आणि ही खोड त्यांना महागात पडली. परीक्षक बाहेर काढलेल्या डोक्याला गुण देत नाहीत, आणि देऊही नयेत. म्हणून त्या निकालावर टोकाचा आरोप करण्याआधी आम्ही थबकू. पण एका तक्त्यावरचा ७२-६५ हा आकडा? त्या रात्रीच्या लढतीशी त्याचा मेळ बसत नाही. पाच महिन्यांनी नॉर्टन यांच्या वाट्याला जे आले त्यात तर दोरांबाहेरचे डोकेही नव्हते.

असे निकाल लागतात त्यामागे बहुधा लाच नसते. मुष्टियुद्धाच्या नियमपुस्तकात नसलेला, पण सगळ्यांच्या तोंडी असलेला एक नियम त्यामागे असतो: किताब हवा असेल तर तो विजेत्याकडून हिसकावून घ्या, काठावरची फेरी विजेत्याचीच. आपल्या कुस्तीत पाठ लागली की निकाल लागला, असे म्हणायची सोय आहे (तिथेही पाठ लागली की नाही यावरून २०२५ च्या महाराष्ट्र केसरीत अहिल्यानगरला पंचांवर लाथ उगारण्यापर्यंत मजल गेली, ते सोडा). मुष्टियुद्धात नॉकआउट झाला नाही तर सारे काही तिघांच्या नजरेवर अवलंबून. आणि त्या नजरेसमोर एका बाजूला केन नॉर्टन आणि दुसऱ्या बाजूला मुहम्मद अली असतील, तर एकीकडे ठोसे दिसतात आणि दुसरीकडे दंतकथा. अलींचा हलकासा जॅबही प्रेक्षकांच्या आरोळीसह परीक्षकांपर्यंत पोहोचत असे. नॉर्टन यांचे पोटातले ठोसे मात्र मुक्यानेच बसत.

अलींचे चाहते म्हणतात, त्यांच्यावर जो अन्याय झाला तो कोण मोजणार? २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनमध्ये त्यांनी भरतीसाठी पुढे पाऊल टाकले नाही, आणि खटला उभा राहण्याआधीच न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाने परवाना निलंबित करून जगज्जेतेपद काढून घेतले. पंचविसाव्या वर्षी, पाय सर्वांत चपळ असताना. हे सगळे खरे आहे. पण त्या अन्यायाची भरपाई नॉर्टन यांच्या खिशातून का? मरीन दलातून मुष्टियुद्धात आलेल्या या माणसाचा त्या आयोगाशी काय संबंध होता?

पुढे काय घडले ते पाहावे. १९७७ च्या मार्चमध्ये यंग यांनी जॉर्ज फोरमन यांना हरवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अलींकडून हुकलेले हे दोघे, नॉर्टन आणि यंग, एकमेकांसमोर उभे राहिले आणि नॉर्टन विभागून दिलेल्या निकालावर जिंकले. त्या विजयाच्या आधारे एका संघटनेने त्यांना १९७८ मध्ये जगज्जेते म्हणून जाहीर केले. जूनमध्ये लॅरी होम्स यांच्याकडून ते अगदी थोडक्यात हरले. जगज्जेतेपदाची एकही लढत रिंगणात न जिंकलेला जगज्जेता, ही नोंद त्यांच्या नावावर कायमची राहिली. यंग यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

आणि अली? मेहेरबानीच्या या विजयांची सर्वांत मोठी किंमत त्यांनीच मोजली, हे त्यांच्या भक्तांच्या लक्षात येत नाही. १९७६ मध्ये यंग किंवा नॉर्टन यांच्याविरुद्ध हात उंचावला गेला नसता, तर चौतिसाव्या वर्षी सन्मानाने थांबण्याचे सबळ कारण त्यांना मिळाले असते. त्याऐवजी सप्टेंबर १९७७ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ते अर्नी शेव्हर्स यांच्यासमोर उभे होते. त्या काळात शेव्हर्स यांच्याइतका जड ठोसा क्वचितच कोणाचा होता. अली जिंकले. पण त्यानंतर गार्डनचे लढती ठरवणारे टेडी ब्रेनर यांनी अलींना पुन्हा बोलावणार नाही असे जाहीर केले. वैयक्तिक डॉक्टर फर्डी पाचेको यांनी मूत्रपिंडाचे अहवाल पुढे केले, कोणी ऐकले नाही, आणि ते बाजूला झाले. त्यानंतर लिऑन स्पिंक्स यांच्याशी दोन लढतींत तीस फेऱ्या, १९८० मध्ये होम्स यांच्यासमोर दहा फेऱ्यांचा एकतर्फी मार, आणि १९८१ च्या डिसेंबरात बहामात ट्रेव्हर बर्बिक यांच्याकडून शेवटचा पराभव. १९८४ मध्ये पार्किन्सन्सचे निदान झाले. त्यामागे ठोशांचा वाटा किती, यावर वैद्यकात मतभेद आहेत. पण १९७६ नंतर खाल्लेला मार त्यांना लाभदायक ठरला, असे कोणताही डॉक्टर म्हणणार नाही.

हा प्रश्न इतिहासापुरता उरलेला नाही. मुष्टियोद्ध्यांच्या पिळवणुकीला आळा घालणारा २००० सालचा अमेरिकी कायदा अलींच्याच नावाने आहे. परीक्षकांना कोणाकडून किती मोबदला मिळतो हे उघड करणे, क्रमवारी कशी ठरते ते सांगणे त्याने बंधनकारक केले. २०२५ मध्ये त्यात बदल सुचवणारे विधेयक मांडले गेले. त्यानुसार लढती भरवणे, क्रमवारी ठरवणे आणि किताब देणे हे सारे एकाच संस्थेच्या हाती जाऊ शकेल. या विधेयकाच्या शीर्षकातही नाव अलींचेच आहे.

हौशी मुष्टियुद्धाची कथा वेगळी नाही. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये रॉय जोन्स यांच्याकडून सुवर्ण हिरावले गेले. रिओ ऑलिंपिकमध्ये लढतींचे निकाल फिरवण्याची यंत्रणाच उभी होती, हे २०२१ च्या मॅक्लारेन अहवालाने सांगितले. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सरिता देवी यांनी निकालाच्या निषेधार्थ कांस्यपदक गळ्यात घालून घ्यायचे नाकारले, तेव्हा वर्षभराची बंदी आली ती त्यांच्यावर. निकाल देणारे मोकळे राहिले.

शेव्हर्स यांच्याविरुद्धच्या लढतीत एक साधी गोष्ट घडली होती. अमेरिकी दूरचित्रवाणीने प्रत्येक फेरीनंतर परीक्षकांचे गुण पडद्यावर दाखवले, आणि आपण किती पुढे आहोत हे डंडी यांना कळत राहिले. वर्षभर आधी नॉर्टन यांच्या कोपऱ्याला ते कळले असते तर पंधरावी फेरी वेगळी झाली असती. गुण उघड केले की आघाडीवरचा खेळाडू अंग राखून खेळतो, हा आक्षेप खरा आहे. तरीही अंधारात अंग राखून हरण्यापेक्षा ते बरे.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्ध राहणार हे ठरले आहे, आणि ‘वर्ल्ड बॉक्सिंग’ या नव्या जागतिक संघटनेत भारत सदस्य आहे. प्रत्येक फेरीनंतर प्रत्येक परीक्षकाचे गुण, त्याच्या नावासह, दोन्ही कोपऱ्यांना आणि प्रेक्षकांना दिसलेच पाहिजेत, ही मागणी आपल्या महासंघाने लॉस एंजेलिसपूर्वी त्या संघटनेत लेखी मांडावी.