चिकित्सेचे पाद चार, वर्ग मात्र वेगळे

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. हा अध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी मुखोद्गत केला. आयुर्वेद, आधुनिक वैद्यक व परिचर्या या शाखा १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या एकाच छत्राखाली आहेत. अमरावती व अकोला या दोन्ही शहरांत आयुर्वेदाची आणि आधुनिक वैद्यकाची महाविद्यालये आहेत. तरीही तेथील विद्यार्थी परस्परांस अनोळखीच राहतात.

व्यवसायात मात्र हे अंतर टिकत नाही. २०१४ पासून धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांवर आपले अनेक पदवीधर सेवा देत आहेत. २०१८ नंतर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून अनेक जण उपकेंद्रांवर रुजू झाले. मेळघाटातील उपकेंद्रात आरोग्यसेविका व आशा यांच्याविना वैद्याचे पानही हलत नाही. ज्यांच्यासह आयुष्यभर काम करावयाचे, त्यांची ओळख नेमणुकीच्या दिवशी व्हावी, हे शिक्षणाचे अपयश नव्हे काय?

याची किंमत रुग्ण मोजतो. मूत्रल औषध घेणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णास ज्येष्ठमध दीर्घकाळ दिल्यास शरीरातील पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते. मधुमेहाच्या गोळ्यांसह गुडमार घेतल्यास रक्तशर्करा वाजवीपेक्षा खाली जाऊ शकते. वैद्यास गोळ्यांची चिठ्ठी दिसत नाही, औषधविक्रेत्यास चूर्णाची वार्ता नसते, आणि रुग्ण दोघांनाही सांगत नाही. कारण दोघेही विचारीत नाहीत.

एकत्र शिक्षणाने आपले शास्त्र पातळ होईल, अशी शंका काही ज्येष्ठ घेतात. ती अनाठायी नाही. परंतु सहकार्य म्हणजे पॅथींची खिचडी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या आराखड्यात भिन्न व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांविषयी, एकमेकांपासून व एकमेकांसह शिकावे, एवढेच म्हटले आहे. ज्यास स्वशास्त्राची सीमा नेमकी ठाऊक असते, तोच दुसऱ्याकडे रुग्ण निःसंकोचपणे पाठवितो.

यासाठी नव्या इमारती नकोत. आपले आंतरवासिता वैद्य आपल्या रुग्णालयांत आहेतच. औषधनिर्माण पदविकेच्या विद्यार्थ्यांस ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण अनिवार्य असून, त्यांपैकी अनेक जण आपल्याच औषधालयांत उभे असतात. महिन्यातून एक दुपार या दोघांना आणि परिचर्येच्या विद्यार्थिनीस एका रुग्णापुढे बसवावे. तिघांनी मिळून तो घेत असलेल्या सर्व औषधांची एकच यादी करावी आणि शंकास्पद संयोग ज्येष्ठांपुढे मांडावेत. महाविद्यालयांनी प्रकरणे निवडावीत, औषधालय-मालकांनी एका दुपारची मुभा द्यावी, आणि आपल्या संघटनेच्या दोन्ही जिल्हा शाखांनी त्याचे वेळापत्रक आखावे.

परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. चारही पादांनी एकत्र चालावे असे आपले शास्त्र सांगते. ते चालणे विद्यार्थिदशेतच शिकविले पाहिजे.