घरची प्रोटीन पावडर: भेसळीची भीती गेली, पण प्रोटीन किती मिळाले?

मागच्या महिन्यात एक सूनबाई सासऱ्यांना घेऊन तपासणीला आल्या. सासरे ७० वर्षांचे, वजन ५५ किलो. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया होऊन पाच आठवडे झाले होते. जखम छान भरली होती, पण पायात जोर येत नव्हता आणि वजन दोन किलोने उतरले होते. घरी सोडताना 'प्रोटीन वाढवा' असे सांगितले होते. "ते मी अगदी नियमाने देतेय, डॉक्टर," असे म्हणत त्यांनी पिशवीतून काचेची बरणी काढली. शेंगदाणे, फुटाणे, बदाम, मखाणे आणि जवस भाजून घरीच दळलेली पावडर. सकाळ-संध्याकाळ एकेक मोठा चमचा, दुधातून. दुकानातून आणलेला डबा त्यांनी मुद्दाम बंद केला होता. "त्यात काय काय निघतं, ते बातम्यांत वाचलं ना!"

अशा बरण्या आता वरचेवर दिसतात, आणि त्यामागे कारण आहे. एप्रिल २०२४ मध्ये केरळमधील डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास 'मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भारतात खपणारी ३६ प्रोटीन उत्पादने त्यांनी प्रयोगशाळेत तपासली. सुमारे ७० टक्के उत्पादनांत लेबलवरचा प्रोटीनचा आकडा खरा नव्हता. काहींत तर सांगितल्याच्या निम्मेच प्रोटीन होते. सुमारे १४ टक्क्यांत बुरशीपासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष आणि सुमारे ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले. पुढच्याच महिन्यात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी नवी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट घेणे टाळा, असे त्यांत होते.

बातम्यांच्या मथळ्यांत या दोन गोष्टी एक झाल्या आणि घराघरांत अर्थ पोचला तो एवढाच, की डब्यातले प्रोटीन वाईट, घरचे चांगले. मूळ सल्ला धडधाकट, व्यवस्थित जेवणाऱ्या माणसांसाठी होता. अशा माणसाला दिवसाला दर किलो वजनामागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरते आणि ते डाळ-भात-दूध-अंड्यांतून मिळू शकते. ऑपरेशनमधून उठणारा वयस्कर माणूस, कर्करोगाचे उपचार चालू असलेला, क्षयाने खंगलेला रुग्ण यांची गोष्ट वेगळी. आजारी वृद्धांना दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम लागते, आणि भूक मात्र निम्म्यावर आलेली असते. पावडरीची आठवण होते ती इथे.

चमच्यात किती असते?

आता बरणीचा हिशोब करू. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण २५ ग्रॅम प्रोटीन असते. फुटाणे आणि बदाम २० च्या आसपास, जवस थोडे कमी, मखाणे जेमतेम १० ग्रॅम. पाचही जिन्नस सारखे घेतले तर १०० ग्रॅम पावडरीत १८ ते २० ग्रॅम. दोन मोठे चमचे म्हणजे २५ ते ३० ग्रॅम पावडर. म्हणजे प्रोटीन पाच ते सहा ग्रॅम. एका अंड्याएवढे.

व्हे प्रोटीनच्या चांगल्या डब्यातला ३० ग्रॅमचा एक स्कूप साधारण २४ ग्रॅम देतो. सूनबाईंच्या मनात होते की घरची पावडर त्याची जागा घेते आहे. प्रत्यक्षात रोज तीन अंड्यांइतके प्रोटीन कमी पडत होते. तेवढे या बरणीतून काढायचे तर दिवसाला १२५ ग्रॅम पावडर लागेल. त्यासोबत सुमारे ६०० कॅलरी आणि तीसेक ग्रॅमहून जास्त तेल पोटात जाईल. भूक नसलेल्या माणसाला ते शक्य नाही, आणि मधुमेह किंवा जास्त वजन असलेल्याला परवडणार नाही.

यात घरच्या कष्टांचा दोष नाही. कारखान्यात दुधातले पाणी, साखर, स्निग्धांश किंवा सोयाबीनमधले तेल आणि पिष्ट बाजूला काढतात, म्हणून उरलेल्यात प्रोटीनचे प्रमाण वाढते. मिक्सरमध्ये काहीच बाजूला काढले जात नाही. दाणे फक्त बारीक होतात. खरे तर आपल्याकडे दाण्याचे कूट, मेतकूट, सातूचे पीठ ही 'प्रोटीन पावडर' पिढ्यान्‌पिढ्या आहेच. मऊ भातावर मेतकूट घालून आजाऱ्याला भरवणाऱ्या आजीने त्याला औषध म्हटले नव्हते. ते जेवण होते. घरच्या पावडरीकडेही जेवण म्हणून पाहावे. मग ती उत्तम आहे.

प्रोटीन खरोखर वाढवायचे असेल तर

सुक्या मेव्याने पावडर महाग होते, प्रोटीनने भरत नाही. मखाण्यांचा सध्या फार बोलबाला आहे, पण प्रोटीनसाठी ते घालण्यात अर्थ नाही. स्वयंपाकघरात सहज मिळणाऱ्या दोन गोष्टी मात्र खरोखर दाट आहेत. साय काढलेल्या दुधाची पावडर (१०० ग्रॅमला सुमारे ३५ ग्रॅम प्रोटीन) आणि सोया चंक्स (सुमारे ५० ग्रॅम). चंक्स कोरडे भाजून, दळून, तेवढीच दूध पावडर मिसळली तर ३० ग्रॅम मिश्रणातून १२-१३ ग्रॅम प्रोटीन मिळते, म्हणजे आधीच्या बरणीच्या दुपटीहून जास्त. चव काही खास नसते, हे कबूल. कोरडी खाण्याऐवजी नाचणीच्या खिरीत, पेजेत किंवा सूपमध्ये शिजवावी. दूध पचत नसेल, गॅस-जुलाब होत असतील, तर दूध पावडर वगळावी. आणि कच्चे सोयाबीन दळून कधीही वापरू नये. त्यातील काही घटक प्रोटीनचे पचन अडवतात. ते उष्णतेने निकामी होतात. चंक्स तयार करताना ही उष्णता दिलेली असते.

पनीरही विसरू नका. घरी प्रोटीन दाट करण्याची तीच आपली जुनी पद्धत.

साध्या अन्नाने किती फरक पडतो, हे झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबांत झालेल्या 'रेशन्स' या अभ्यासात दिसले. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाला दरमहा १० किलोंचा शिधा दिला गेला: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. त्यातून दिवसाला १२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रोटीन मिळत होते. घरातल्या इतरांनाही शिधा मिळाला, त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले. त्या शिध्यात बदाम नव्हते. क्षयरुग्णांना सरकारकडून मिळणारी पोषण मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये झाली आहे. ती महागड्या डब्यावर खर्च करण्याआधी हा शिधा आठवावा.

बुरशी घरातही असते

डब्यात अफ्लाटॉक्सिन निघाले म्हणून घरी पावडर करायची, तर ते विष मुळात कुठे होते हे माहीत हवे. शेंगदाणे आणि मका हे त्याचे नेहमीचे घर. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या आदिवासी पट्ट्यात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे यकृत निकामी होऊन दगावली होती. भाजल्याने हे विष पूर्ण जात नाही. दाणे चावून खाताना कडवट दाणा आपण थुंकून टाकतो. दळल्यावर तो सगळ्या बरणीत मिसळतो. म्हणून दाणे भाजण्यापूर्वी ताटात पसरून निवडा. काळपट, सुरकुतलेला, कुबट वास येणारा प्रत्येक दाणा टाका. भाजलेले जिन्नस पूर्ण गार झाल्यावरच दळा, नाहीतर वाफेचा ओलावा बरणीत राहतो. एका वेळी आठ-दहा दिवसांपुरतीच करा, फ्रिजमध्ये ठेवा, चमचा कोरडा. जवस दळल्यावर लवकर खवट होते. ते वेगळे ठेवून आयत्या वेळी दळणे बरे.

डबाच घ्यायचा असेल, तर घटकांची यादी छोटी असलेला घ्या. ग्रीन टीचा किंवा इतर वनस्पतींचा अर्क घातलेला नको; अशा अर्कांमुळे यकृताला इजा झालेले रुग्ण आम्ही पाहतो.

काही रुग्णांनी मात्र घरची असो वा विकतची, पावडर विचारल्याशिवाय सुरू करू नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रोटीन मोजून द्यावे लागते, शिवाय दाणे-बदाम-सोयामधले पोटॅशियम आणि दूध पावडरीतले फॉस्फरस रक्तात साचू शकते. डायलिसिस सुरू झाल्यावर उलट प्रोटीन वाढवावे लागते, त्यामुळे शेजारच्या रुग्णाचा आहार आपल्याला लागू पडेलच असे नाही. थायरॉइडची गोळी आणि सोया यांच्यात चार तासांचे अंतर ठेवा. नाकातून नळी असेल तर घरची रवाळ पावडर नळीत घालू नका, ती तुंबते. पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागत असेल तर कोरडी पावडर अजिबात नको.

आमच्या आजोबांचे गणित शेवटी असे बसले. जेवणातून ३५ ग्रॅमच्या आसपास मिळत होते, गरज होती किमान ६६. सकाळी दोन अंडी, दुपारच्या जेवणात घट्ट वरण आणि वाटीभर दही, चार वाजता चंक्स-दूध पावडर घातलेली नाचणीची खीर, रात्री खिचडीबरोबर पनीरचे चार तुकडे. सूनबाईंची बरणीही राहिली. ती आता भाजी-कोशिंबिरीत कुटासारखी पडते. आणि रोज दोन वेळा खुर्चीतून दहादा उठणे-बसणे, कारण स्नायूंना काम दिल्याशिवाय खाल्लेले प्रोटीन तिथे नीट लागत नाही. तीन आठवड्यांनी वजन करायला बोलावले आहे.