एकदा घ्यावी, हळूहळू घडवावी

घरातील मुलाने अथवा मुलीने इलेक्ट्रिक गिटारीची मागणी केली, की व्यापारी घरात बहुधा दोन उत्तरे निघतात. “आधी साधी घे, छंद टिकला तर पुढे पाहू,” हे एक. आणि “घ्यायचीच तर एकदाच चांगली घ्यावी,” हे दुसरे. पहिल्यात सावधपणा आहे, दुसऱ्यात दूरदृष्टी. परंतु हे वाद्य कसे बांधलेले असते ते समजून घेतले, तर दोहोंच्या मधला तिसरा मार्ग दिसतो. मूळ चांगले असलेले माफक किमतीचे वाद्य घ्यावे आणि हात जसजसा तयार होईल तसतसे त्याचे एकेक अंग सुधारत जावे.

सांगलीच्या हळद बाजारात अडत चालविणारे एक घर डोळ्यांपुढे आणावे. मुलगी पंधरा वर्षांची. तीन वर्षे मामेभावाच्या जुन्या साध्या गिटारीवर तिचा सराव झालेला. दहावी झाली तेव्हा वडिलांनी पंचवीस हजार रुपये कबूल केले. पण “यापुढे दोन वर्षे एक पैसाही नाही,” असेही बजावले. त्या कठोरपणामागे एक जुनी गोष्ट होती. वडील स्वतः बारा वर्षांचे असताना आबांनी त्यांच्यासाठी एक उंची पेटी आणली होती. ती इतकी महाग, की मुलाने रोज हात लावू नये म्हणून कपाटात कुलपात राही. सणावारी बाहेर निघे, पुसली जाई, पुन्हा आत जाई. मुलगा पेटी शिकलाच नाही. आज ती माळ्यावर आहे. वाद्यावर केलेला खर्च वाया जातो, हा धडा वडिलांनी त्यातून घेतला. आबांनी मात्र इतक्या वर्षांनी त्यातून वेगळा धडा काढला होता. ते म्हणाले, “पेटी महाग होती म्हणून वाया गेली नाही. ती उघडायची कोणाला परवानगी नव्हती, म्हणून वाया गेली.”

इलेक्ट्रिक गिटारीच्या बाबतीत आबांचे हे वाक्य शब्दशः खरे आहे, कारण हे वाद्य उघडण्यासाठीच जन्माला आले. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओदुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या लिओ फेंडर यांनी 1950 च्या सुमारास भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. तिची दांडी अंगाला डिंकाने चिकटवलेली नव्हती. ती चार स्क्रूंनी घट्ट केलेली होती. दांडी खराब झाली तर स्क्रू काढावेत, नवी बसवावी, इतका सरळ हिशेब. 1954 मध्ये आलेल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तर तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारे तिन्ही पिकअप, आवाजाच्या कळा आणि बहुतेक तारजोडणी एकाच पातळ पट्टीवर बसविलेली असते. स्क्रू काढले की ते सारे यंत्र हातात येते. 1982 मध्ये फेंडर कंपनीने स्क्वायर या नावाने त्याच आकाराच्या स्वस्त गिटारी जपानमध्ये बनवून घेण्यास आरंभ केला. पुढे अनेक कारखान्यांनी हा आकार उचलला, आणि त्यामुळे त्याचे सुटे भाग सर्वत्र मिळू लागले. जे वाहन रस्त्यावर सर्वाधिक दिसते त्याचेच सुटे भाग गावोगाव मिळतात, तसाच हा प्रकार होय.

नामांकित वादकांनीही हाच मार्ग अवलंबिला आहे. एरिक क्लॅप्टन यांनी 1970 मध्ये नॅशव्हिल येथील एका दुकानातून अनेक जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या. काही मित्रांना दिल्या आणि उरलेल्या तिघींतील उत्तम अंगे एकत्र करून आपली काळी गिटार सिद्ध केली. 2004 मध्ये ती लिलावात 9,59,500 डॉलरला गेली. एडी व्हॅन हेलन यांनी सुमारे 50 डॉलरचे अंग आणि 80 डॉलरची दांडी जोडून जी गिटार बनविली, तिने पुढच्या पिढीचे वादनच बदलले. ब्रायन मे यांनी 1963 मध्ये वडिलांबरोबर गिटार घडविण्यास घेतली. तिच्या दांडीचे लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचे, तर तारा थरथरविणाऱ्या यंत्रणेच्या स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या होत्या. पुढे पांचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरी यांच्या स्वराला याच घरगुती गिटारीची साथ लाभली.

मग दुकानात पाहावे काय? मिरजेच्या सतारमेकरांकडे वाद्य घेणारा जाणकार नक्षीकाम शेवटी पाहतो. आधी दांडी, पडदे आणि जोड पाहतो. येथेही तेच करावे. पिकअप, खुंट्या, कळा या गोष्टी नंतर बदलता येतात. दांडी, पडदे आणि लाकडी अंग ही तीन अंगे मात्र मूळची चांगली असावीत. त्यांची दुरुस्ती स्वस्त वाद्याच्या किमतीला परवडत नाही.

दांडीच्या दोन्ही कडांवरून तळहात हळू फिरवावा. पडद्यांची टोके टोचत असतील तर ते वाद्य बाजूला ठेवावे. डोळ्यासमोर धरून दांडीच्या लांबीकडे पाहावे. ती पिळलेली नसावी. एखादी तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबली असता सातव्या पडद्यापाशी कागदाच्या जाडीएवढी फट दिसावी. फट कमीजास्त असली तर दांडीतील लोखंडी सळईने ती जुळविता येते; म्हणून ती सळई फिरते आहे ना, हे विक्रेत्याकडून दाखवून घ्यावे. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकदा तरी छेडावी. एकाच ठिकाणी खरखर आली तर तेथील पडदा उंच आहे, असे समजावे. सर्वांत जाड व सर्वांत बारीक तार दांडीच्या कडेपासून सारख्या अंतरावर आहे का, तेही पाहावे. एक तार कडेवरून घसरू पाहत असेल, तर दांडी अंगात तिरकी बसली आहे. एकाच प्रकारच्या तीन गिटारी मागाव्यात आणि तिन्ही तपासाव्यात. एकाच कारखान्याच्या, एकाच किमतीच्या वाद्यांतही फरक असतो. आणि हळदीच्या पोत्यातून नमुना काढून पाहणाऱ्या घराला हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

पुढे सुधारणा करावयाची असल्याने मापेही त्याच दिवशी वहीत लिहावीत. नटपासून ब्रिजपर्यंत तारेची मोकळी लांबी प्रमाण मापाची, म्हणजे 648 मिलिमीटर असावी. ब्रिजवर पहिल्या व सहाव्या तारेतील अंतर काही स्वस्त गिटारींत 52 मिलिमीटरच्या आसपास असते, तर जुन्या अमेरिकी मापात ते सुमारे 56 मिलिमीटर असते. एका मापाचा ब्रिज दुसऱ्या जागी नीट बसत नाही. काही स्वस्त गिटारींचे अंग नेहमीच्या 45 मिलिमीटरपेक्षा पातळ असते. त्यात पूर्ण उंचीचा ब्रिज घातला तर खालचा ठोकळा पाठीमागून बाहेर येतो. खुंट्यांच्या छिद्रांचा आणि कळांच्या दांड्यांचा व्यासही मोजून ठेवावा. भाग मागविल्यावर तो बसत नाही असे कळणे हा या छंदातील सर्वांत सामान्य तोटा आहे, आणि तो एका फुटपट्टीने टळतो.

घेताना आणखी एक प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. पुष्कळ चांगल्या गिटारींचा नट, म्हणजे सतारीतील अटीच्या जागी असणारी पट्टी, जनावराच्या हाडाचा असतो. दांडीवरील ठिपके कधी खऱ्या शिंपल्याचे असतात, आणि खांद्याचा पट्टा बहुधा चामड्याचा. ज्या घरांना हे पदार्थ नको असतील त्यांच्यासाठी कृत्रिम पदार्थाचे, ग्रॅफाइटचे आणि पितळेचे नट मिळतात. सुती व नायलॉनचे पट्टेही मिळतात. त्यामुळे आवाजात उणेपणा येत नाही. उलट ग्रॅफाइटच्या खाचेत तार कमी अडकते.

त्या घराने पंचवीस हजारांची वाटणी अशी केली. सोळा हजार गिटारीला, पाच हजार लहान अॅम्प्लिफायरला, दोन हजार तारा, केबल, पट्टा आणि कारागिराकडून वाद्य जुळवून घेण्याला, आणि दोन हजार शिल्लक. “एक पैसाही नाही” या वडिलांच्या शब्दालाही त्यामुळे धक्का लागला नाही. पुढची सुधारणा शिल्लकीतून आणि मुलीला सणावारी मिळणाऱ्या पैशांतून व्हावयाची होती.

सुधारणेचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम नव्या तारा आणि नीट जुळवणी: तारांची उंची, दांडीचा बाक, बाराव्या पडद्यावरील सुराची शुद्धता. “ही गिटार बरी नाही” अशी तक्रार पुष्कळदा येथेच मिटते. दुसरा क्रम नटचा. गिटार सतत बेसूर होते म्हणून लोक खुंट्या बदलतात. पण दोष अनेकदा नटच्या अरुंद खाचेत तार अडकण्याचा असतो. पेन्सिलीचे शिसे त्या खाचेत घासून पाहावे. फरक पडला तर रोग सापडला. खुंट्या खरोखर ढिल्या असतील तरच तिसऱ्या क्रमाने त्या बदलाव्यात. चौथा क्रम आवाजाच्या कळा, निवडकळ आणि केबलचे सॉकेट यांचा; खरखर बहुधा येथून येते, आणि पुष्कळदा साफ करण्याचा द्रव पुरतो. पिकअप हा पाचवा क्रम. त्यातही एकेरी गुंडाळीच्या पिकअपला 250 किलोओहमच्या आणि दुहेरी गुंडाळीच्या पिकअपला 500 किलोओहमच्या कळा लावण्याची रीत आहे. ब्रिज सर्वांत शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि मग निदान दोन-तीन महिने वाजवावे. एकदम चार गोष्टी बदलल्या तर कशाने काय सुधारले हे कोणालाच कळत नाही.

या साऱ्यात हिशेबाची एक बाजू आहे, ती व्यापारी घराने विसरू नये. सुट्या भागांत घातलेला पैसा वाद्य विकताना परत येत नाही. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवावा. विकण्याची वेळ आली तर मूळ भाग परत बसवावेत आणि चांगले भाग पुढच्या वाद्याला न्यावेत. सुट्या भागांचा एकूण खर्च वाद्याच्या किमतीच्या निम्म्याजवळ आला की थांबावे. तेथून पुढे मोठ्या वाद्यासाठी साठवणे शहाणपणाचे. पावसाळ्यात तारा गंजतात, म्हणून वाजवून झाल्यावर कोरड्या कापडाने पुसाव्यात आणि मालाबरोबर येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या पिशवीत टाकाव्यात.

त्या घरी दीड वर्षाने पिकअप बदलण्याची वेळ आली. मुलीने आधी टाकाऊ तारांवर डाग देण्याचा सराव केला. बाजारपेठेतील टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांनी दोन संध्याकाळी शेजारी बसून दाखविले. प्रत्यक्ष कामाच्या दिवशी तिने पट्टी काढली, जुन्या तारजोडणीचे छायाचित्र घेतले आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही हा दिवा जरा जवळ धरा.” वडील दिवा धरून तासभर उभे राहिले. कोणती तार कोठे जाते, हे त्यांनी तीनदा विचारले. एक डाग फसला. तो पुन्हा दिला. केबल जोडली तेव्हा पहिला सूर स्वच्छ उमटला.

दुसऱ्या रविवारी वडिलांनी माळ्यावरून पेटी खाली काढली. भाता फाटला होता आणि दोन सूर मुके झाले होते. तिला कुलूप लावलेले नव्हते. किल्ली कधीच हरवली होती. आबांनी चष्मा लावला, वडिलांनी स्क्रूड्रायव्हर मागितला, आणि मुलीने मापे लिहिण्यासाठी वहीचे नवे पान उघडले.